दुकानाला कुलूप, पावती आपल्या हाती

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयाची आहेत: टीव्ही, फ्रिज, मोबाइल विकणारे साखळी दुकान बंद झाले, आता आमचे काय? कोणाचे पैसे अडकले आहेत, कोणाची वॉरंटी, तर एका पत्रलेखकाची नोकरीच गेली आहे. त्यांतील सहा पत्रे निवडली आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची व दुकानांची नावे गाळली आहेत.

प्रश्न: दसऱ्याला वॉशिंग मशीन घेतले. सहा हजार रुपये रोख भरले, बाकीचे चोवीस हजार हप्त्यांवर. आठ दिवसांत घरपोच मिळेल असे सांगितले होते. नवव्या दिवशी चौकशीला गेले तर शटर अर्धे खाली ओढलेले, आणि आतली माणसे मांडण्यांचे नटबोल्ट सोडवून टेम्पोत भरत होती. मशीन आले नाही. पहिला हप्ता मात्र पाच तारखेला खात्यातून वळता झाला. पैसे मागायचे तरी कोणाकडे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: सर्वप्रथम एक गोष्ट नक्की करून घ्यावी लागेल. केवळ आपल्या गावातील शाखा बंद झाली आहे, कंपनीने देणी भागवून धंदा आवरला आहे, की कंपनी दिवाळखोरीत गेली आहे? बाहेरून तिन्ही प्रकारांत कुलूपच दिसते, पण पैसे मिळण्याचा मार्ग प्रत्येक वेळी वेगळा असतो. बिलावर छापलेले कंपनीचे पूर्ण नाव आणि नोंदणीकृत पत्ता पाहा. पाटीवरचे नाव आणि बिलावरचे नाव अनेकदा वेगळे असते, आणि कायद्याला बिलावरचेच नाव कळते.

कंपनी चालू असेल, तर मुख्य कार्यालयाला लेखी नोटीस पाठवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही काम झाले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते, त्यामुळे मुंबई किंवा दिल्लीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची आहे. दुकान कंपनीचे नसून एका मालकाचे किंवा भागीदारीचे असेल, तर दुकान बंद केल्याने मालकाची वैयक्तिक जबाबदारी संपत नाही.

कंपनी नादारी व दिवाळखोरी संहिता, २०१६ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे गेली असेल, तर मात्र चित्र बदलते. स्थगिती लागू होते आणि त्या काळात कंपनीविरुद्ध नवा दावा लावता येत नाही, जुना पुढे चालवता येत नाही. अशा वेळी एक जाहीर सूचना निघते, आणि ती इंग्रजीबरोबर प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रातही द्यावी लागते, म्हणजे आपल्याकडे ती मराठी दैनिकाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत सापडते. त्या सूचनेत दिलेल्या मुदतीत आपल्यासारख्या ग्राहकाने लागू असलेला फॉर्म भरून, बिलाची प्रत जोडून दावा नोंदवायचा असतो. दावा नोंदवलाच नाही, तर वाटपाच्या यादीत आपले नाव येत नाही.

मिळेल किती, हे स्पष्टपणे सांगायला हवे. संहितेच्या कलम ५३ मध्ये वाटपाचा क्रम ठरलेला आहे: आधी प्रक्रियेचा खर्च, मग कामगारांची चोवीस महिन्यांची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका, मग इतर कर्मचारी, त्यानंतर विनातारण कर्ज देणारे आणि सरकारी देणी. आगाऊ पैसे भरलेला ग्राहक यानंतरच्या ‘उरलेली देणी’ या ओळीत उभा असतो. सहकारी बँक बुडाली की अवसायक येतो, हे महाराष्ट्रातील वाचकांना दुर्दैवाने चांगले ठाऊक आहे. मात्र बँकेतील ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, दुकानात भरलेल्या आगाऊ रकमेला तसे कोणतेही कवच नाही.

तरीही आपल्या बाबतीत दोन गोष्टी आशेच्या आहेत. पहिली, बिलावर यंत्राचा अनुक्रमांक लिहिला आहे का ते पाहा. तो असेल, तर ते विशिष्ट यंत्र बाजूला काढून आपल्या मालकीचे झाले होते, असा दावा १९३० च्या माल विक्री अधिनियमाच्या आधारे मांडता येतो. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू कंपनीच्या मालमत्तेत धरता येत नाही, म्हणून अशा वेळी पैशांऐवजी थेट यंत्राची मागणी करा. दुसरी गोष्ट म्हणजे कर्ज देणारी संस्था. तिने चोवीस हजार रुपये दुकानाला दिलेले आहेत आणि तिचा दुकानाशी स्वतंत्र करार असतो. वस्तू मिळालेली नाही, कर्ज रद्द करून रक्कम दुकानाकडून वसूल करावी, असे तिला आजच ईमेलने कळवा. हप्ते स्वतःहून बंद करू नका, त्याची नोंद आपल्या पत इतिहासात होते आणि ती पुसायला फार त्रास पडतो. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि ग्राहक आयोगातील तक्रारीत या संस्थेलाही प्रतिवादी करता येते. ब्रिटनमध्ये १९७४ च्या ग्राहक पतविषयक कायद्याच्या कलम ७५ मुळे शंभर पौंडांपेक्षा जास्त आणि तीस हजार पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूसाठी कार्ड कंपनी दुकानदाराइतकीच जबाबदार धरली जाते. आपल्याकडे असे थेट कलम नाही, म्हणूनच वेळेवर केलेल्या लेखी पत्राला इतके महत्त्व आहे.

प्रश्न: टीव्हीवर कंपनीची एक वर्षाची वॉरंटी होती. दुकानाच्या माणसाने आणखी तीन वर्षांची ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ घ्यायला लावली. दुकानच राहिले नाही, तर हे दोन्ही कागद रद्दी झाले का? (एक वाचक, सातारा)

उत्तर: पहिला कागद मुळीच रद्दी झालेला नाही. उत्पादकाची वॉरंटी हे उत्पादकाचे वचन आहे; दुकान केवळ ते वचन आपल्या हातात ठेवणारा मध्यस्थ होता. टीव्ही बिघडल्यास उत्पादकाच्या सेवा केंद्राला फोन करा आणि बिल दाखवा. ते बिल मात्र आजच तपासा. साखळी दुकानांची बिले बहुधा थर्मल कागदावर छापतात आणि कपाटात ठेवलेला हा कागद वर्षभरात पांढराफटक होतो. पूर्वी मूळ बिल हरवले तर दुकानातून दुसरी प्रत काढून मिळत असे, ती सोय आता राहिलेली नाही. म्हणून बिलाची झेरॉक्स काढा, फोटोही काढून ठेवा.

दुसऱ्या कागदाच्या बाबतीत मागची बारीक अक्षरे वाचावी लागतील. सेवा देण्याचे वचन कोणाच्या नावाने दिले आहे? तिथे विमा कंपनीचे किंवा स्वतंत्र सेवा कंपनीचे नाव असेल, तर दुकान बंद झाल्याने करार संपत नाही. अमेरिकेत सर्किट सिटी ही साखळी २००९ मध्ये बंद झाली तेव्हा तिने विकलेल्या वाढीव वॉरंट्यांचे पुढे काही बिघडले नाही, कारण त्या दुसऱ्याच कंपनीच्या पाठबळावर दिलेल्या होत्या. वचन खुद्द साखळीचे असेल, तर आपण वरच्या उत्तरातील नाशिकच्या भगिनींच्याच रांगेत आहात. दोन्ही परिस्थितींत त्या योजनेसाठी आपण भरलेली रक्कम दुकानाने पुढे पोहोचवली आहे का, याची खात्री सेवा कंपनीला करार क्रमांक कळवून आताच करून घ्या. टीव्ही बिघडण्याची वाट पाहू नका.

एक धोका फारसा कोणी सांगत नाही. काही साखळ्या स्वतःच्या नावाचे टीव्ही, मिक्सर, हेडफोन विकतात. अशा वस्तूवर दुकानाचीच मोहोर असते, म्हणजे वॉरंटी देणारी आणि विकणारी कंपनी एकच, आणि दोन्ही एकाच दिवशी बंद होतात. तरी खोके टाकून देऊ नका. वेष्टनावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता छापणे बंधनकारक आहे, आणि सदोष वस्तूमुळे इजा किंवा नुकसान झाल्यास २०१९ च्या कायद्यातील उत्पादन दायित्वाच्या तरतुदीनुसार त्यांच्याकडे दाद मागता येते.

प्रश्न: आमच्या जवळचे दुकान बंद होत आहे. दारावर ‘संपूर्ण माल विक्रीस, ७० टक्क्यांपर्यंत सूट’ असा फलक आहे. मुलीच्या लग्नाची खरेदी तिथे करावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ‘पर्यंत’ या शब्दावर थोडे थांबा. बंद होणाऱ्या साखळीतील विक्री पुष्कळदा दुकानदार करतच नसतो, हे ग्राहकांना सहसा माहीत नसते. सर्किट सिटीचे उदाहरण याबाबत फार बोलके आहे. १९४९ मध्ये व्हर्जिनियातील रिचमंड येथे सुरू झालेली ही साखळी पुढे अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाची इलेक्ट्रॉनिक वस्तूंची साखळी झाली. १० नोव्हेंबर २००८ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, पण खरेदीदार मिळाला नाही. १६ जानेवारी २००९ रोजी उरलेली ५६७ दुकाने बंद करण्याचे जाहीर झाले आणि दुसऱ्याच दिवशी विक्री सुरू झाली. ती चालवणारा गट बंद पडलेल्या दुकानांचा माल विकणे हाच धंदा असलेल्या चार संस्थांचा होता. अशा संस्था धनकोंना ठरावीक रकमेची हमी देतात आणि त्यापेक्षा जास्त जे येईल त्यात त्यांचा नफा असतो. मग त्या पहिल्याच दिवशी स्वस्त कशाला विकतील? पहिल्या आठवड्यांत सूट किरकोळ होती, तीही मूळ छापील किमतीवर. तोच माल दुसऱ्या दुकानात किंवा संकेतस्थळावर कमी किमतीत मिळत असल्याचे अनेक ग्राहकांना आढळले. गर्दी मात्र लोटली, कारण फलक पिवळाधमक होता आणि अक्षरे हातभर होती. ८ मार्चला शेवटची दुकाने बंद झाली. तोवर सूट वाढत गेली आणि निवड आटत गेली.

आपल्याकडे एमआरपी छापलेली असते, ही जमेची बाजू वाटते, पण टीव्ही आणि वातानुकूलन यंत्रांची एमआरपी बाजारातील नेहमीच्या विक्री किमतीहून बरीच वर ठेवलेली असते. त्यामुळे सवलत एमआरपीवर मोजू नका. मॉडेल क्रमांक लिहून घ्या आणि त्याच दिवशी इतर दोन ठिकाणी प्रत्यक्ष काय भाव चालू आहे तो विचारा.

लग्नाच्या खरेदीत मोठी यंत्रे असतील, तर सीलबंद खोक्यातील आणि उत्पादकाची वॉरंटी असलेलीच घ्या. पैसे देण्यापूर्वी अनुक्रमांक उत्पादकाच्या ग्राहक सेवेला सांगून वॉरंटी लागू होईल का ते विचारा. मांडणीतला टीव्ही दिवसाला दहा-बारा तास, तोही पूर्ण उजेडावर चाललेला असतो. शिवाय त्याचा रिमोट, भिंतीवरची पट्टी, पायाचे स्क्रू यांतले काहीतरी हमखास हरवलेले असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीवर निर्मितीचा महिना पाहा, कारण गोदामात पडून राहिलेली बॅटरी वापराआधीच थकते. केबल, स्टँड, एक्स्टेन्शन बोर्ड यांसारख्या वस्तू निर्धास्त घ्या. बिलावर ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापलेले असले, तरी सदोष वस्तू परत न घेणे ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे. पण तीन आठवड्यांनी तिथे कोणी नसेल, तर हा हक्क बजावायचा कोणाकडे, याचा विचार बिल फाडण्यापूर्वी व्हायला हवा. घरपोच देण्याच्या बोलीवर काहीही घेऊ नका. वस्तू गाडीत चढली की मगच पैसे द्या.

प्रश्न: मी वीस वर्षांपूर्वी सनीव्हेलला आलो. त्या काळी आम्हा मराठी मंडळींचा शनिवार फ्राइज इलेक्ट्रॉनिक्समध्ये जायचा. कॅपॅसिटरपासून कॉफीपर्यंत सारे तिथे मिळे. ते दुकान एका रात्रीत बंद झाले. ग्राहकाला अशा गोष्टीची चाहूल आधी लागू शकते का? (एक वाचक, कॅलिफोर्निया)

उत्तर: लागू शकते, आणि फ्राइजच्या बाबतीत ती जवळजवळ दोन वर्षे लागत होती. १९८५ मध्ये सनीव्हेललाच सुरू झालेल्या या साखळीने २०१९ पासून पुरवठादारांना माल विकला गेल्यावरच पैसे देण्याची पद्धत अवलंबली. बहुतेक पुरवठादारांना ती मान्य नव्हती, त्यामुळे लांबच लांब मांडण्या रिकाम्या पडू लागल्या. आपण त्या पाहिल्याच असतील. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी नऊ राज्यांतील ३१ दुकाने एकदम बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि ज्यांच्या वस्तू दुरुस्तीला होत्या त्यांनी परत मिळण्यासाठी ईमेल करावा असे कळवण्यात आले. लॅपटॉप दुरुस्तीला देताना आपण पैशांच्या कितीतरी पट मोलाची माहिती त्यात सोडत असतो, म्हणून मला ही सूचना वाचून त्या लोकांची फार काळजी वाटली होती.

दुकान अडचणीत असल्याची लक्षणे अशी: मांडणीवर मोठी यंत्रे कमी आणि कव्हर, चार्जर जास्त दिसू लागणे. नव्या मॉडेलसाठी ‘आधी पूर्ण पैसे भरा’ असा आग्रह. घरपोच देण्याची तारीख दुसऱ्यांदा पुढे ढकलणे. भेटकार्डांवर अकारण मोठी सवलत. आणि जाणकार विक्रेते दिसेनासे होणे. सर्किट सिटीने मार्च २००७ मध्ये जास्त पगाराच्या सुमारे ३,४०० विक्रेत्यांना एकाच फटक्यात कमी केले होते. टीव्हीतला फरक समजावून सांगणारा माणूसच गेला, तर ग्राहकाने दुकानात यायचे कशाला? दुकान बंद होण्याच्या पुष्कळ आधीच ते आतून बंद पडायला लागलेले असते. यांपैकी दोन लक्षणे एकत्र दिसली, तर त्या दुकानात आगाऊ पैसे आणि दुरुस्तीची वस्तू ठेवू नये, असे मला वाटते.

प्रश्न: वाढदिवसाला मिळालेले पाच हजारांचे भेटकार्ड कपाटात आहे. शाखा अजून दोन आठवडे चालू राहणार म्हणतात. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: उद्याच वापरा. ब्रिटनमधील कॉमेट या साखळीवर २ नोव्हेंबर २०१२ रोजी प्रशासक नेमले गेले आणि भेटकार्डे स्वीकारणे तत्काळ थांबले. काही दिवसांनी ते पुन्हा सुरू झाले, पण १८ डिसेंबरला शेवटची दुकानेही बंद झाली. तेवढ्या फटीत ज्यांनी कार्ड वापरले त्यांची रक्कम वाचली. एकाच दुकानात चालणाऱ्या भेटकार्डाला आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, त्यामुळे त्यातील रकमेवर तिचे लक्षही नसते. कार्डाच्या रकमेपेक्षा थोडी महाग वस्तू घेऊन वरचे पैसे भरा; शिल्लक मागे ठेवू नका.

प्रश्न: मी अशाच एका दुकानात अकरा वर्षे काउंटरवर होतो. दोन महिन्यांचा पगार थकला आहे. त्याहून मनाला लागते ते असे की, मी ज्यांना फ्रिज आणि वाढीव वॉरंटी विकली ते लोक आता माझ्या मोबाइलवर फोन करतात. त्यांना काय सांगू? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर: आधी आपल्या पगाराचे पाहू. कंपनी न्यायाधिकरणापुढे गेली असेल, तर कामगार व कर्मचाऱ्यांसाठी ‘फॉर्म डी’ आहे. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँक खात्याचा उतारा आणि हजेरीचा कोणताही पुरावा जोडून तो मुदतीत भरा. वर सांगितलेल्या क्रमात आपण ग्राहकांच्या पुष्कळ पुढे आहात. भविष्य निर्वाह निधीतील रक्कम तर कंपनीच्या मालमत्तेत धरलीच जात नाही. मात्र कापलेली वर्गणी दरमहा भरली गेली होती का, हे आपल्या पासबुकात पाहून घ्या, आणि खंड दिसला तर निधी कार्यालयात लेखी तक्रार करा.

आता ग्राहकांचे. कंपनीच्या वतीने विकलेल्या वस्तूसाठी आपण व्यक्तिशः देणे लागत नाही, म्हणून ते ओझे मनावरून उतरवा. मात्र कोणाकडूनही ‘काम करून देतो’ म्हणून पैसे घेऊ नका आणि दुकानाच्या ग्राहक नोंदी घरी आणू नका. फोन करणाऱ्या प्रत्येकाला वॉरंटी उत्पादकाची आहे की दुकानाची, हे कागदावर पाहायला सांगा. इतक्या वर्षांच्या कामामुळे कोणत्या योजनेमागे कोणती कंपनी होती हे आपल्याला आमच्यापेक्षा नक्की ठाऊक असेल, तेही सांगा. ज्यांचे बिल हरवले आहे त्यांना कळवा की, फ्रिज बसवून द्यायला उत्पादकाचा माणूस आला होता, तेव्हा त्याने ग्राहकाच्या मोबाइल क्रमांकावर नोंद केलेली असते. सेवा केंद्राला तोच क्रमांक आणि फ्रिजच्या आतल्या बाजूला चिकटवलेला अनुक्रमांक सांगितला, तर खरेदीची तारीख बहुधा सापडते.